लाल पट्टी आणि पांढरा घोडा

(दृश्य: पिवळ्या रानफुलांनी भरलेलं शेत.)

लेप्रेकॉन हाती लागला तर त्याच्यावरची नजर ढळू द्यायची नाही, हे आयर्लंडमधलं शेंबडं पोरही सांगेल. हा बुटका चांभार म्हणजे लपवलेल्या सोन्याचा धनी. एका गोष्टीतला शेतकरी त्याला धरतो, दमात घेतो आणि सोनं कुठल्या झुडपाखाली पुरलंय ते वदवून घेतो. पण जवळ कुदळ नाही! मग खुणेसाठी तो आपल्या मोज्याची लाल पट्टी झुडपाला बांधतो. "हिला हात लावणार नाहीस, शपथ घे." लेप्रेकॉन शपथ घेतो. शेतकरी कुदळ घेऊन धावत येतो, तर शेतातल्या एकूण एक झुडपाला तशीच लाल पट्टी.

लबाड? मला तसं वाटत नाही. त्या पट्टीला त्यानं हात लावलाच नव्हता.

आयरिश लोककथांतली ही मंडळी बहुधा शब्दाची पक्की असतात. बॅन्शी, म्हणजे एखाद्या कुळाशी बांधलेली परलोकातली बाई, रात्री आक्रोश करते, तेव्हा त्या कुळातलं कुणीतरी जाणार हे ठरलेलं. समुद्रातली मेरो, म्हणजे मत्स्यकन्या, माणसाच्या घरी नांदते, मुलं वाढवते. तिची जादूची टोपी मात्र नवऱ्यानं दडवलेली असते. टोपी सापडते त्या दिवशी ती समुद्रात परत जाते. यात चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.

(दृश्य: टेकडीवरचा मातीचा जुना गोल कोट.)

खरी भीती वेगळीच होती. कोटात राहणारे परीलोक घरातलं माणूस पळवतात आणि हुबेहूब दिसणारं दुसरं तिथे ठेवून जातात, अशी समजूत होती. हे बदली आलेलं माणूस म्हणजे चेंजलिंग. एकदा हा संशय शिरला, की समोरच्यानं कितीही शपथा घेतल्या तरी त्या खोट्याच वाटणार.

मार्च १८९५. टिपररी काउंटीतलं बॅलिव्हाडली. ब्रिजेट क्लिअरी, वय २६, शिवणकाम करणारी, कोंबड्या पाळून चार पैसे स्वतःचे राखणारी. ती तापानं अंथरुणाला खिळली. डॉक्टर येऊन गेले, पाद्रीही आले. पण नवरा मायकल, पिंपं बनवणारा कारागीर, म्हणू लागला की ही आपली बायकोच नव्हे.

वडील, आत्या, आतेभाऊ घरातच होते. तिला दुधात उकळलेला कडू पाला बळजबरीनं पाजला. चुलीच्या आगीवर धरलं. पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: तू ब्रिजेटच ना? ती हो म्हणत राहिली. १५ मार्चच्या रात्री मायकलनं तिला पावाचे तीन तुकडे खायला लावले, प्रत्येक तुकड्याला नाव विचारत. तिसऱ्याला ती अडखळली. त्यानं तिला खाली पाडलं, कपड्यांनी पेट घेतला, आणि त्यानं वरून दिव्याचं तेल ओतलं.

पुढच्या काही रात्री तो किलनग्रानाच्या कोटापाशी जाऊन बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, तिला बांधलेले दोर कापले की आपली होईल, अशी त्याची खात्री. हातात काळ्या मुठीची सुरी. घोडा आला नाही. २२ मार्चला पोलिसांना घराजवळच, उथळ खड्ड्यात पुरलेला तिचा मृतदेह सापडला.

कोर्टानं सदोष मनुष्यवधाबद्दल मायकलला २० वर्षांची शिक्षा दिली. ब्रिजेटच्या वडिलांनाही शिक्षा झाली. १९१० मध्ये मायकल सुटला आणि पुढे कॅनडात, मॉन्ट्रियलला निघून गेला.