सुनावणीला कोण येतं?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि शिक्षकहो,

स्वच्छ ऊर्जेचा विषय निघाला की तरुणांना बोलावणं येतं ते प्रभातफेरीचं, पोस्टर स्पर्धेचं, फार तर वृक्षारोपणाचं. वीज कुठून घ्यायची, कोणत्या दरानं घ्यायची, कोणाच्या जमिनीवर तयार करायची, हे जिथं ठरतं तिथं तुमच्या वयाचं कुणी दिसत नाही. मला आज त्या जागेबद्दल, वीजदराच्या जनसुनावणीबद्दल, बोलायचं आहे. तिचं दार कायद्यानं उघडं ठेवलेलं आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते कुणी दाखवलेलंच नाही.

त्याआधी थोडं लांब जाऊ, प्रशांत महासागरात. वानुआतू हा ८३ बेटांचा देश. लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम शहराएवढी. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळानं तिथली घरं, शेतं, शाळा झोपवल्या. २०१९ साली राजधानी पोर्ट व्हिला इथं युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या वर्गात २७ विद्यार्थी होते. त्यांच्यासमोर प्रश्न होता की, बेटं बुडत असताना कायदा काय करू शकतो? त्यांनी ठरवलं की जगातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला, हाच प्रश्न विचारायचा.

आता त्या न्यायालयात तुम्हीआम्ही जाऊ शकत नाही. तिथं खटले देशादेशांतच चालतात, आणि सल्लागार मत हवं असेल तर ते संयुक्त राष्ट्रांच्या महासभेसारख्या संस्थेला मागावं लागतं. मुलांनी ही वाट नीट समजून घेतली. प्रशांत बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली, संघटना उभी केली, वानुआतूच्या सरकारला पटवलं. मध्ये करोना आला, हॅरोल्ड नावाचं आणखी एक वादळ आलं. तरी २९ मार्च २०२३ रोजी महासभेनं न्यायालयाचं मत मागणारा ठराव मतदानाशिवाय, सर्वसंमतीनं मंजूर केला. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला दोन आठवडे सुनावणी झाली. ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था बोलल्या. भारतही बोलला, आणि ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर सोडला त्यांची जबाबदारी मोठी, ही आपली जुनी भूमिका भारतानं तिथं मांडली. मला ती रास्त वाटते.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं एकमतानं मत दिलं. हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. कोळसा, तेल, वायू यांचं उत्पादन, त्यांचा वापर, शोधाचे परवाने, त्यांना दिलेली अनुदानं, या बाबतीत एखाद्या देशानं योग्य पावलं उचलली नाहीत तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं. हे मत कुणावर बंधनकारक नाही, हे खरं. पण यापुढे जगातल्या कुठल्याही न्यायालयात वकील ते पुढे ठेवू शकतील. त्याची सुरुवात परीक्षेच्या वयाच्या मुलांनी केली. त्यांच्याकडे पैसा नव्हता, सैन्य नव्हतं. कुठल्या दारावर कोणत्या कागदानं थाप मारायची, एवढं त्यांनी शिकून घेतलं होतं.

आता घरी येऊ. महाराष्ट्रात विजेचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरण आयोगाकडे याचिका दाखल करते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, सूचना आणि हरकती मागवल्या जातात, मग वेगवेगळ्या शहरांत जनसुनावणी होते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे लोकांकडून आलेल्या सूचना आणि हरकतींचा विचार केल्याशिवाय आयोगाला दराचा आदेश देता येत नाही. मराठीत लिहिता येतं, मराठीत बोलता येतं. वकील लागत नाही. मी अशा सुनावण्यांना बसलो आहे. यंत्रमागवाले येतात, उद्योजकांच्या संघटना येतात, ग्राहक चळवळीतली ज्येष्ठ मंडळी फायली घेऊन येतात, पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थेचे अभ्यासक आकडेमोड घेऊन येतात. या लोकांनी वर्षानुवर्षं हे काम केलं म्हणून आपलं बिल आहे त्याहून जास्त झालं नाही. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचे केस पांढरे आहेत. पुढची चाळीस वर्षं ज्यांना ही वीज वापरायची आणि फेडायची आहे, ते तिथं नसतात.

तिथं काय ठरतं याचं एक उदाहरण सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या प्रस्तावात छतावरच्या सौर विजेचा हिशेब तासांनुसार लावायची सूचना होती. म्हणजे दुपारी तयार झालेली वीज दुपारच्याच वापरातून वजा करायची. ज्यांच्या घरी दुपारी माणसं नसतात, वापर संध्याकाळी असतो, त्यांचं सगळं गणित त्यानं बदललं असतं. ग्राहकांनी जोरदार हरकती घेतल्या. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण महावितरणची अडचणही समजून घ्या. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते, संध्याकाळी सहानंतर ती संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. ही दरी कशानं भरायची? बॅटरीनं, की सह्याद्रीत घाटघरला जसा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, दुपारी पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची, तसे आणखी प्रकल्प बांधून? बांधायचे तर कोणत्या डोंगरात, कोणत्या जंगलात, कोणत्या वाडीला विचारून? हे इंजिनिअरिंगचे प्रश्न आहेत, तसेच न्यायाचेही आहेत. तुमच्यातल्या इलेक्ट्रिकलच्या मुलांना त्यातला पहिला भाग माझ्यापेक्षा चांगला कळेल.

शेतीचंही तसंच. शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळायची, आणि माणसं अंधारात, सापाकिरड्यांत, बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जायची. अजूनही पुष्कळ ठिकाणी जातात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरजवळच, म्हणजे शेतांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीजवळच, सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची आहे. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. माझा प्रश्न पुढचा आहे. प्रकल्प उभा राहिल्यावर गावातल्या आयटीआय झालेल्या मुलीला तिथं काम मिळतं का? की पॅनल पुसायचं आणि गवत काढायचं काम ठेकेदाराकडून रोजंदारीवर, आणि दुरुस्तीचा माणूस मात्र दुसऱ्या जिल्ह्यातून?

एक आकडा लक्षात ठेवा. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थांच्या अभ्यासाप्रमाणे, जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पापेक्षा छतावरच्या सौरमध्ये दर मेगावॅटमागे सुमारे सातपट रोजगार निघतो. छप्पर मोजायचं, स्ट्रक्चर बसवायचं, वायरिंग करायचं, घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा अर्ज भरायचा, सगळं घरोघरी करावं लागतं. म्हणून छतावरच्या सौर विजेचा नियम बदलतो तेव्हा ग्राहकाच्या बिलाबरोबर तुमची नोकरीही त्या आदेशात लिहिली जात असते.

आणि चंद्रपूर. तिथलं औष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॅटचं आहे. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच मोडीत निघाले. आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या, कोळसा खाणी. ज्यांची जमीन खाणीत गेली त्या घरात प्रकल्पग्रस्त म्हणून एक नोकरी आली, त्या नोकरीवर बहिणींची लग्नं झाली, भावाचं शिक्षण झालं. त्याच घरांनी राखेची धूळ छातीत घेतली. उद्या कोळसा कमी होणार हे सगळे म्हणतात. पण तिथल्या वीस वर्षांच्या पोराला त्याच्या बापासारखी कायम नोकरी, पीएफ, दवाखाना यातलं काय मिळणार, याचं उत्तर सौर ऊर्जेच्या एकाही जाहिरातीत मी वाचलेलं नाही. मला स्वच्छ ऊर्जा हवी आहे, लवकर हवी आहे. ती त्या पोराला वाऱ्यावर सोडून येणार असेल तर तो तिच्या विरोधात उभा राहील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याचा प्रश्न त्यानं स्वतः आयोगापुढे मांडावा अशी माझी इच्छा आहे. पुण्या-मुंबईतल्या कुणी त्याच्या वतीनं बोलणं पुरेसं नाही.

वेळ झाली आहे, मी थांबतो. ज्यांना याचिका कशी वाचायची, हरकत कशी लिहायची ते पाहायचं आहे त्यांनी जेवणानंतर याच वर्गात या. मागच्या दर आदेशाची प्रत मी आणली आहे. घरचं वीजबिल मोबाइलवर मागवून ठेवा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, ओळीओळीनं वाचू, आणि प्रत्येक ओळीबद्दल आयोगाला काय विचारता येईल ते तुम्हीच लिहून काढा.