डब्यावरची कोंबडी

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर. मॉलमधलं अंड्यांचं शेल्फ.]

हा सहा अंड्यांचा डबा. वरचं चित्र बघा, हिरवंगार गवत, कौलारू घर, अन् समोर ऐटीत उभी असलेली कोंबडी. खाली लिहिलंय गावरान, नॅचरल, फार्म फ्रेश. आता मराठवाड्यात श्रावण-भादवा सोडला तर एवढं हिरवं गवत कुठं दिसतं ते मला तरी माहीत नाही, पण ते असू द्या. डबा उलटापालटा करून बघितला, तारीख आहे, लायसन नंबर आहे, नॉनव्हेजचा तपकिरी त्रिकोण आहे. कोंबडी पिंजऱ्यात राहती का मोकळी, त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे खाणाऱ्याचा उपास मोडू नये याची सोय पक्की केलेली, अंडं देणारीचा विषयच नाही.

[ग्राफिक: टरफलावर छापलेला नंबर.]

युरोपात २००४ पासून हा नंबर अंड्यावरच छापतात. पहिला आकडा ० असला तर ऑरगॅनिक, १ म्हणजे फ्री रेंज, बाहेर हिंडायला दर कोंबडीमागं ४ चौरस मीटर जागा, २ म्हणजे शेडमधी पण मोकळी, ३ म्हणजे पिंजरा. पिंजऱ्यातलं असलं की ३ छापायचंच, त्यातनं सुटका नाही. अमेरिकेत जनावरांना नीट वागवल्याचे शिक्के खाजगी संस्था देतात, 'सर्टिफाइड ह्युमेन' हा २००३ पासूनचा एक, त्यांचा इन्स्पेक्टर फार्मवर जाऊन बघतो. त्यांच्या नियमात फ्री रेंजला कोंबडीमागं २ चौरस फूट बाहेरची जागा, अन् पाश्चर रेज्डला, म्हणजे कुरणावर वाढवलेलीला, १०८ चौरस फूट. शब्द दोन्ही कानाला गोडच, जागेत फरक ५४ पट.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या कलम ११ मधी स्पष्ट लिहिलंय की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. दंड, पहिल्या वेळेला, १० ते ५० रुपये. हा डबा त्याहून महाग आहे. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर येतात, झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२३ चा असतो, म्हणजे कागदसुद्धा पुरा नाही. २०१७ मधी विधी आयोगानं कोंबड्या कशा ठेवायच्या अन् कशा न्यायच्या यावर अख्खा रिपोर्ट दिला, २६९ नंबरचा. डब्यावर मात्र अजून तीच कौलं अन् तेच गवत.

अजून एक गंमत. चिकनच्या पाकिटावर 'केज फ्री' लिहिलेलं दिसलं की लोक खूष होतात, पण ब्रॉयलर, म्हणजे मटणासाठीची कोंबडी, पिंजऱ्यात ठेवतच नाहीत हो, भाताच्या तुसावर, शेडमधी, जमिनीवरच वाढवतात. तसंच 'हार्मोन फ्री'. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो जातीमुळं अन् खाद्यामुळं, त्याला हार्मोनचं इंजेक्शन कुणी देत बसत नाही. जे कुणीच करत नाही ते आम्ही करत नाही असं छापायचं अन् वर पैसे घ्यायचे.

[दृश्य: औसा तालुक्यातलं एक गाव. सांजवेळ. मातीचं खुराडं.]

आता इथं या. मावशींकडं चौदा-पंधरा कोंबड्या आहेत, सगळ्या अस्सल गावरान, दिवसभर उकिरड्यावर, बाभळीखाली, शेजारच्याच्या कडब्याच्या गंजीत. दिवस मावळला की आपल्या आपण एकेक करून खुराड्यात शिरतात, मावशी तोंडातल्या तोंडात मोजतात, मग दाराला पत्रा लावतात अन् पत्र्याला दगड. "मुंगसाचं भ्या असतंय बगा, दगूड हलका लावला तर सकाळी नुसती पिसं."

पिंजऱ्यातली लेअर, म्हणजे अंड्यांसाठीची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देती, गावरान कोंबडी साठ-सत्तर, त्यात मधी खुडूक बसली की तेवढे दिवस काहीच नाही. तेव्हा मॉलमधी बाराही महिने थप्पीनं गावरान अंडी कुठून येतात, याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. तपकिरी रंगावर तर जाऊच नका, तो कोंबडीच्या जातीवर असतो, पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा तपकिरी अंडं देती.

पण मला इथं एक गोष्ट लपवायची नाही. मोकळी म्हणजे सुखी असं नसतं. मागच्या उन्हाळ्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, साथ आली अन् मावशींच्या चार सोडून सगळ्या गेल्या, लस कुणी टोचलीच नव्हती, डॉक्टर म्हणे शंभर पक्षी असतील तर बाटली फोडतो. अन् बाजाराच्या दिवशी कोंबड्या जातात कशा? पाय बांधून, मोटारसायकलच्या हँडलला उलट्या लटकवून, पार औशापर्यंत. ह्युमेनचा कुठलाही इन्स्पेक्टर हे बघून पहिल्या पानावरच नापास करील, अन् बरोबरच करील. फक्त तो इथवर येणारच नाही, कारण त्याच्या येण्याजाण्याचा खर्चच मावशींच्या वर्षाच्या अंड्यांपेक्षा जास्त.

[दृश्य: उदगीरकडं एक गोठा. देवणी गाय, वासरू.]

दुधाचंही तसंच. देवणी, लाल कंधारी या आपल्या जाती, अन् त्यांच्या नावावर ए-टू दूध विकलं जातं. २०२४ च्या ऑगस्टमधी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, सांगितलं ए-वन ए-टू पाकिटावरून काढा, अन् पाचच दिवसांत तो आदेश मागं घेतला. तो वाद चालू द्या, पण ए-टू हे दुधातल्या प्रोटीनचं नाव आहे. या वासराला एक सड सोडला का पान्हा फुटल्याबरोबर ओढून खुंट्याला बांधलं, हे त्यात कुठं येतं?

सेंद्रिय शेतीत पीजीएस नावाची पद्धत आहे, गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा अन् एकमेकांची शेतं तपासायची, बाहेरचा महागडा इन्स्पेक्टर लागत नाही. कोंबड्यांना असं काही करायला काय हरकत आहे? पाच-सात बायांनी मिळून एक लसीची बाटली, एक तपासणीची वही, अन् कोंबड्या बाजाराला न्यायला टोपल्या. मावशींना विचारलं तर हसल्या. "शेजारणीच्या खुराड्यात डोकावलं तर आधी भांडणच व्हतंय की वं."

[दृश्य: मोटारसायकलवर अंड्यांचे ट्रे. व्यापारी.]

सकाळी व्यापारी आला. मावशींची अकरा अंडी घेतली, रोख दिले, अन् आधीच्या ट्रेमधल्या रिकाम्या खाचांत बसवली. त्या ट्रेमधली बाकीची कुठली विचारलं, तर म्हणला, "गावरानच हायेत सगळी."

मावशींना विचारलं, यातली तुमची कुठली ओळखू येतील का?

"न यायला काय झालं? ही बारकी अन् मळकी हायेत ना, ती माजी."

त्यानं खिशातलं फडकं काढलं, अन् पुसून घेतली.