“रुसलीय” म्हणायच्या आधी थांबा: लांबच्या प्रवासानंतर घरच्या प्राण्यांशी पुन्हा जुळवून घेताना

[दारात उभी, खांद्याला बॅग]

२४ दिवसांनी घरी आले. दार उघडेपर्यंत मनात काय काय रंगवलं होतं! मनी धावत येईल, पायांत घोटाळेल, मला जागचं हलू देणार नाही. मनी आली खरी. तीन फुटांवर थांबली, लांबूनच माझ्या बुटांचा वास घेतला आणि वळून सरळ सोफ्याखाली गेली.

[खुर्चीत]

नमस्कार. मी नसताना मनीला सांभाळणारी शेजारीण म्हणाली, “रुसलीय गं तुझ्यावर.” मलाही ते पटलं. आजचा व्हिडिओ या एका शब्दावर आहे, कारण तो दोनदा घात करतो. रुसवा म्हटला की आपण तो काढायला धावतो. ओढून मांडीवर घेतो, खाऊचा मारा करतो. हा त्यातला बरा प्रकार. वाईट प्रकार असा, की खरोखर आजारी असलेला प्राणीही आपल्याला रुसलेलाच दिसतो.

आधी मनीचं काय चाललं होतं ते सांगते. मांजराच्या गालांवर, पंजांत, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. येता-जाता दाराच्या चौकटीला, सोफ्याला, आपल्या पोटरीला ते गाल घासतं ना, तो नुसता लाड नसतो. ‘हे माझं’ असा शिक्का ते मारत असतं. माझ्यावरचा तो शिक्का २४ दिवसांत धुऊन गेला होता. वर हॉटेलचा साबण, गाड्यांची धूळ आणि मी वाटेत ज्यांना-ज्यांना कुरवाळलं ती सगळी कुत्री. म्हणजे आवाज ओळखीचा आणि वास परका. तुम्ही काय केलं असतं?

आणि हो, आवाज त्यांना कळतो. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० मांजरांना अनोळखी लोकांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला. कसं कळलं? कान वळले, मान वळली. पण ओरडणं, शेपटी हलवणं जवळपास नव्हतंच. मांजर पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणून आल्या-आल्या मांजराला उचलू नका. आंघोळ करा, घरातला नेहमीचा कपडा घाला, जमिनीवर बसा आणि दुसरंच काहीतरी करत राहा. टक लावून बघू नका. ते जवळ आलं तर एक बोट पुढे करा, बस. मनी त्या रात्री तीन वाजता आली आणि माझ्या पायांवर झोपली. त्यानंतर दोन तास मी कूस बदलली नाही, हा माझा मूर्खपणा.

[बॅग टेबलावर ठेवत]

आता ही. ही बॅग लगेच बंद खोलीत. मांजरानं बॅगेवर शू केली तर तो सूड नाही. अनोळखी वासावर ते आपला वास चढवत असतं. ओरडलात तर त्याचा ताण वाढेल आणि तेच पुन्हा होईल. शिवाय बॅगेत काय-काय असतं बघा. चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम. दोन्ही कुत्र्यांना विषारी. डोकेदुखीची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. स्वागताला कोणी लिलीचा गुच्छ दिला असेल तर तो घरात आणूच नका. तिच्या परागांनी, अगदी फुलदाणीतल्या पाण्यानंही मांजराची किडनी निकामी होते.

कुत्र्याच्या घरी चित्र उलटं. तिथे नुसता धिंगाणा! पण त्या धिंगाण्यावरूनही प्रेम मोजू नका. स्वीडनमधल्या संशोधकांनी १२ कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन, कधी चार तास घरी एकटं ठेवलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जोरदार होतं. दोन आणि चार तासांत मात्र फरक दिसला नाही.

माझी आवडती गोष्ट डार्विनची आहे. जगप्रवास करून तो १८३६ मध्ये घरी परतला. त्याच्याकडे एक तापट कुत्रा होता, परक्यांना जवळ येऊ न देणारा. डार्विननं मुद्दाम त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. तबेल्याजवळ जाऊन पूर्वीसारखीच हाक मारली. कुत्र्यानं आनंद वगैरे काही दाखवला नाही. उठला आणि गुमान त्याच्यामागे फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच दोघं वेगळे झाले होते. मध्ये पाच वर्षं आणि दोन दिवस गेले होते. आपण असतो तर म्हणालो असतो, रुसलाय.

आता तो दुसरा घात. इथे नीट ऐका.

मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही, तर ‘येईल मूड’ म्हणून बसू नका, डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजरांना धोका जास्त. आणि बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा-पुन्हा बसतोय, कुंथतोय, पण लघवी होत नाही, तर सकाळचीही वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

कुत्रा बोर्डिंगमध्ये होता? मग एक-दोन दिवस तो नुसता झोपेल. तिथे त्याची झोप धड झालेली नसते. पोट थोडं बिघडू शकतं, म्हणून पहिलं खाणं कमी द्या. कान, काखा, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का बघा. घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा खोकला आला तर ते केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांना लागणारा खोकला, असू शकतं. संसर्गानंतर दोन ते चौदा दिवसांत कधीही तो सुरू होतो, म्हणजे तुम्ही बोर्डिंग विसरून गेल्यावरसुद्धा. अशा वेळी इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मासे असतील तर एवढंच: सांभाळणाऱ्यानं हमखास जास्त खाणं टाकलेलं असतं. पाणी गढूळ दिसलं म्हणून अख्खी टाकी घासू नका. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू धुऊन जातात. पाव भाग पाणी बदला.

राहिली आपली अपराधी भावना. सुट्टीचे उरलेले चार दिवस आपण प्राण्याला चिकटून बसतो आणि सोमवारी एकदम नऊ तास गायब! त्यापेक्षा पहिल्याच दिवसापासून पाच मिनिटं बाहेर जाऊन या, मग वीस, मग तासभर. खाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्यानं बदलल्या असतील तर रोज पंधरा मिनिटांनी सरकवत जुन्या वेळेवर आणा.

त्या वेळांवरून आठवलं. परतल्यावर आठवडाभर मनी रोज सहाच्या सुमाराला दाराशी जाऊन बसायची. मला वाटलं, हिला बाहेर जायचंय. मग लक्षात आलं, शेजारीण सहाला यायची. २४ दिवस यायची आणि माझ्या येण्यानं एका दिवसात बंद झाली. मी तिला म्हटलं, अजून काही दिवस सहाला दहा मिनिटं येऊन जा. ती आली की मनी उठते, जवळ जाते आणि आधी तिच्या चपलांचा वास घेते.