बोलीचा अर्थ कोणी सांगायचा आणि किती

ब्रिजचा डाव आहे. जोडीदाराने एक नो ट्रंपने (म्हणजे हुकमाविना खेळण्याच्या बोलीने) सुरुवात केली आहे, आपल्या हातात पाच बदाम आहेत आणि आपण ‘दोन चौकट’ म्हणतो. या बोलीचा चौकटशी काही संबंध नसतो. जोडीदाराने आता दोन बदाम म्हणावे, एवढीच ती सूचना असते. अशा बोलीला ट्रान्स्फर म्हणतात आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र तिचा अर्थ आपल्या दोघांनाच ठाऊक असेल, तर ती बोली न राहता खूण होते. म्हणूनच डुप्लिकेट ब्रिजच्या (तेच हात सगळ्या टेबलांवर खेळवणाऱ्या स्पर्धांच्या ब्रिजच्या) २०१७ च्या नियमावलीतील ४० वा नियम जोडीतली प्रत्येक समजूत, मग ती ठरवून केलेली असो वा एकत्र खेळून आपोआप रुळलेली, प्रतिस्पर्ध्यांना खुली ठेवायला सांगतो.

अर्थ विचारायचा तो आपली पाळी आल्यावर, आणि सांगायचा तो बोली लावणाऱ्याने नव्हे, त्याच्या जोडीदाराने. नुसते पद्धतीचे नाव घेऊन भागत नाही. सांगायचा असतो तो जोडीतला करार, हातातली पाने नव्हेत. त्यामुळे जोडीदारालाही चकवणारी खोटी बोली नियमात बसते. पुष्कळ खेळाडू ‘मी असे धरतो आहे’ म्हणून मोकळे होतात. मला ही सवय घातक वाटते, कारण करार नसेल तर ‘तसे काही ठरलेले नाही’ हेच खरे उत्तर असते, आणि अंदाज ऐकून जोडीदारही शहाणा होतो.

आता समजा, त्याच ‘दोन चौकट’वर जोडीदार विसरला, ‘चौकटचाच रंग, हात कमकुवत’ असे सांगून बसला आणि त्याने पास दिला. आपण हे ऐकले, तरी बोली चालू असताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. उरलेले पास पडले, की दोन चौकट आपल्यालाच खेळायचे आहे. म्हणून पहिले पान पडण्यापूर्वी डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावून करार ट्रान्स्फरचा होता, हे स्वतःहून सांगायचे. ज्या प्रतिस्पर्ध्याने शेवटचा पास चुकीच्या माहितीवर दिला असेल, त्याला तो बदलण्याची मुभा डायरेक्टर देऊ शकतो. बोली प्रतिस्पर्ध्यांनी जिंकून आपण बचावाच्या बाजूला असतो, तर मात्र डाव संपेपर्यंत गप्प राहावे लागले असते, कारण तेव्हाची दुरुस्ती थेट जोडीदाराच्या कानी पडते.

उलट अर्थ बरोबर सांगितला गेला आणि बोली लावणाराच करार विसरला होता, तर प्रतिस्पर्ध्यांना भरपाई नाही. पण चूक नेमकी कोणाची, याचा पुरावा नसेल तर डायरेक्टर स्पष्टीकरणच चुकले असे धरतो. या गुंत्यावरचा उपाय पडद्यात आहे. १९७५ च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेपासून मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरपा पडदा आला. त्याच्या एकाच बाजूला बसलेले दोघे प्रतिस्पर्धी असतात, आणि प्रत्येक जण आपल्या व जोडीदाराच्या बोलीचा अर्थ शेजाऱ्याला लिहून देतो. जोडीदाराला ते दिसत नाही. डाव संपल्यावर कधी कधी पडद्याच्या दोन बाजूंच्या कागदांवर एकाच बोलीचे दोन अर्थ निघतात, आणि मग दोन्ही कागद डायरेक्टरच्या हाती जातात.