कात्री एका हातात, सूज दोन्ही हातांना

नमस्कार. आज आमवाताबद्दल बोलू. आधी दोन्ही हातांच्या मुठी वळून समोर धरा. बोटांच्या मुळाशी उंचवटे दिसतात, त्यांच्या मधे खळगे. ते खळगे सुजेनं भरून आलेत का, नीट बघा.

तासगावकडच्या एक काकू सांगलीत माझ्याकडे आल्या होत्या. द्राक्षबागेत विरळणीला जायच्या. दिवसभर कात्री चालवून बोटं दुखणारच, असं घरचे म्हणत. चार महिने बाम चोळण्यात गेले. मी विचारलं, ‘काकू, कात्री कुठल्या हातात धरता?’ ‘उजव्या.’ मग डावा हात का सुजलाय?

कामाचं दुखणं काम करणाऱ्या हाताला होतं आणि विश्रांती घेतली की उतरतं. आमवातात उलटं. काकू रात्रभर झोपून उठल्या की हात लाकडासारखे. पीठ मळता येईना, भाकरी थापायची सुनेवर आली. हात हलवत राहिलं की तास-दीड तासानं मोकळे व्हायचे. सकाळचा असा ताठरपणा अर्धा-पाऊण तास जरी टिकत असेल, तरी अंगावर काढू नका.

हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपण ज्याला आमवात म्हणतो. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाचे चवडे, तेही दोन्हीकडे. नखाजवळचं पेर बहुतेक वेळा यातून वाचतं. आणि हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही हो! बऱ्याच जणांना तो 30 ते 50 या वयात सुरू होतो, बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट.

सांध्यांपलीकडचं कुणी विचारतच नाही. बारीक ताप, वजन घटणं, रक्त कमी होणं, डोळे कोरडे पडणं, कोपरावर गाठी, कधी फुफ्फुसांनाही त्रास. आणि थकवा. घरात अशा बाईला आळशी म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तो थकवा आजाराचाच भाग आहे.

चिकुनगुनियानंतरही सांधे असेच धरतात, म्हणून अलीकडे ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या तपासणीत ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. 100 पैकी 20 ते 30 रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या इतर तपासण्याही बघतात, पण हात तपासल्याशिवाय निदान होत नाही. एकदा हाड झिजलं की ते भरून येत नाही, म्हणून पहिले काही महिने मोलाचे. मेथोट्रेक्झेट या आमवातावरच्या औषधाची गोळी लिहून दिली, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

काकू एसटीनं माझ्यापर्यंत पोचल्या तेव्हा दुपार झाली होती आणि बोटं बरीच मोकळी झाली होती. म्हणून उद्या उठल्या उठल्या दोन्ही हातांचा मोबाईलवर फोटो काढा, मूठ किती वळते तेही त्यात येऊ द्या, आणि तो डॉक्टरांना दाखवा.