पगार किती, हे मीही विचारते

मंडळी, मुलांच्या करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे आईवडील बहुतेक एकाच प्रश्नानं सुरुवात करतात, "ताई, सध्या कशाला स्कोप आहे?" मी मुलीकडे वळते आणि म्हणते, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग. आवड विचारली की पाठ केलेलं उत्तर येतं. दिवस विचारला की माणूस दिसायला लागतो.

एक वहिनी आल्या होत्या. चाळिशी उलटलेली, नोकरी लग्नानंतर सुटलेली. "मी काही करत नाही, घरीच असते." दिवस सांगता सांगता सासूबाईंच्या डायलिसिसचा विषय निघाला, म्हणून पुढच्या खेपेला मी ती फाईल आणायला सांगितली. तारीखवार लावलेले रिपोर्ट, प्रत्येक बिलाला टाचलेली डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिक्लेमवाल्यांनी काढलेली क्वेरी आणि तिच्यामागे आपलं उत्तर. नाकारलेला एक क्लेम तर बाईंनी पॉलिसीतलं कलम दाखवून मंजूर करून घेतला होता! आज त्या एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर बसतात. डिस्चार्जच्या दिवशी गोंधळलेल्या नातेवाइकाला कुठला कागद कुठे द्यायचा हे त्या समजावतात. पगारही बरा आहे. पगाराचं मी मुद्दाम बोलते, कारण घर चालत नसेल तर चांगल्यातल्या चांगल्या कामातही माणूस टिकत नाही.

चाळिशीनंतर काय नवीन करायचं, असं वाटणाऱ्यांनी आपल्याच बडोद्याकडे बघावं. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन निघालं, हाताला हुन्नर देणारं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे फोटोग्राफी झाली, छपाई झाली, आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

याच बडोद्यातलं १९१७ सालही सांगायला हवं. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि जातीपायी त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. एवढा विद्वान माणूस, पण इथून निघून जावं लागलं. म्हणून एखाद्या मुलाला कुठे पाठवण्याआधी मी तिथली माणसं कशी वागतात याची चौकशी करते. मुलीला पाठवायचं असेल तर जरा जास्तच.

मला विचारतात, फी कशाला घेता? फी घेते, कारण कॉलेजांकडून कमिशन घेत नाही. या धंद्यात ॲडमिशनमागे पैसे सुटतात. ते एकदा घेतले की समोर बसलेल्या पोराकडे आपण त्या सीटच्या नजरेनं बघायला लागतो. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्याकडून घेत नाही, पण ऑफिसचं भाडं आणि तिथे काम करणाऱ्या दोघी मुलींचे पगार धंद्यातूनच निघायला हवेत.

आता तुमच्याकडे एक मागणं. कुणाचं मकरपुऱ्यात वर्कशॉप असेल, रावपुऱ्यात दुकान, कुणाचा दवाखाना. वर्षातून दोन दिवस एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसू द्या. उपदेश नको, चहा पाजा आणि काम बघू द्या. मशीन बंद पडलं की काय धावपळ होते, गिऱ्हाईक चिडलं की कसं बोलायचं, महिनाअखेरीला हिशेब कसा लावतात, सगळं दिसू दे. दारापाशी वही ठेवली आहे. नाव, धंदा आणि सोयीचा वार लिहून जा.