फोटो डेस्कवर पदवी कोण विचारतं?

वृत्तछायाचित्रकार व्हायचं तर पदवी किंवा पदविका लागते का, असा आजचा विषय आहे. एका शब्दात उत्तर हवं असेल तर ‘नाही’. पण तेवढ्यावर थांबलो तर तुमची दिशाभूल होईल, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

माझी बरीच वर्षं फोटो डेस्कवर, म्हणजे बातम्यांचे फोटो निवडणाऱ्या विभागात गेली. कामासाठी येणाऱ्यांचे फोटो पाहणं हा त्या नोकरीचाच भाग. फोटो पाहून होईपर्यंत आम्ही कोणाचं शिक्षण वाचत नसू, आणि पाहून झाल्यावर वाचायची गरज उरत नसे.

पोर्टफोलिओवर मात्र माझी भिस्त कधीच नव्हती. वर्षभरातले पंधरा चांगले फोटो वेचून कोणीही आणेल. मी म्हणायचो, एखाद्या असाइनमेंटचं अख्खं मेमरी कार्ड दाखवा. निवडलेले नकोत, सगळे फोटो दाखवा. समजा, आंदोलन आहे. एकाच्या कार्डात ओळीनं चाळीस फ्रेम एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून. नेता, माइक, परत नेता. दुसरीच्या कार्डात नेत्याच्या पाच-सहाच फ्रेम. मग ती मंचामागे गेलेली दिसते, तिथून गर्दीचे चेहरे. मग गर्दीत शिरते, एका म्हाताऱ्या बाईपाशी रेंगाळते. आणि पोलीस पुढे सरकतात त्या फ्रेमला ही आधीच कडेला येऊन उभी असते. मधल्या कितीतरी फ्रेम हललेल्या, फोकस गेलेला. बिघडलं कुठे? बातमी आता कुठे घडेल याचा अंदाज घेत ती चालत होती, हे त्या हललेल्या फ्रेमच सांगतात. हे गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहिणार?

पदवीच्या विरोधकांना आवडतील अशी नावं पुष्कळ आहेत. ब्रिटिश युद्धछायाचित्रकार डॉन मॅककलिन यांची शाळा पंधराव्या वर्षी सुटली. ब्रिटिश हवाई दलात असताना छायाचित्रकार होण्यासाठीची लेखी परीक्षा ते पास होऊ शकले नाहीत, आणि त्यांना डार्करूममध्येच, म्हणजे फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतच राहावं लागलं. त्यांनी काढलेला लंडनमधल्या एका टोळीचा फोटो १९५९मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रानं छापला, आणि पुढे व्हिएतनाम, नायजेरियातलं बियाफ्रा ही सगळी युद्धं आली. रघू राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो अर्थशास्त्रातले, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी करणारे. १९७३मध्ये ती सोडून कॅमेऱ्याकडे वळले.

या यादीवर लगेच टाळ्या वाजवू नका. जमलं त्यांचीच नावं आपल्यापर्यंत पोचतात, मध्येच कॅमेरा विकून टाकलेल्यांची पोचत नाहीत. शिवाय डार्करूममधला मॅककलिन यांचा काळ मी शिक्षणातच धरतो. आणि उलट बाजूही आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. दानिश सिद्दिकी यांनी जामिया मिलियातून जनसंज्ञापनाचं शिक्षण घेतलं, आधी टीव्हीवर वार्ताहर होते, आणि २०१०मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेत आले ते इंटर्न म्हणून. २०१८मध्ये पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळालेल्या चमूत ते होते.

‘इंटर्न’ हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या मते अभ्यासक्रमाचा खरा उपयोग तिथे आहे. बऱ्याच ठिकाणी इंटर्नशिप फक्त शिकत असलेल्यांना किंवा नुकतंच शिक्षण संपलेल्यांना मिळते. अमेरिकेसारख्या देशात नोकरी करायची म्हटली तर व्हिसासाठीही पदवी बघतात. म्हणजे फोटो कसा काढावा याच्याशी पदवीचा संबंध थोडा, दार उघडण्याशी जास्त. म्हणून प्रवेश घेताना तिथले कॅमेरे आणि स्टुडिओ पाहून भाळू नका. विचारा, शिकवणाऱ्यांपैकी आज कोण बातम्यांसाठी फोटो काढतंय? आठवड्याला किती असाइनमेंट, आणि त्या संध्याकाळच्या संध्याकाळी द्याव्या लागतात की महिन्याच्या शेवटी? महिन्याच्या शेवटी असेल तर फी वाचवा. मोठं कर्ज काढून तर हे शिकूच नका. या धंद्यात ते फिटायला फार काळ जातो. ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकानं २०१३मध्ये छायाचित्र विभागातल्या सगळ्या २८ जणांना एकदम घरी पाठवलं. त्यात पुलित्झर मिळालेला माणूसही होता.

मात्र काही गोष्टी कुठूनही शिका, पण शिकाच. एक म्हणजे फोटोओळ. ‘मोर्चातील एक भावुक क्षण’ ही फोटोओळ नव्हे. कोण, कुठे, कधी, काय करतंय. चार माणसं असतील तर डावीकडून कोण कोण. आणि नाव त्या माणसालाच विचारून लिहिलेलं. फोटो बरा आणि फोटोओळ पक्की असेल, तर रात्री अकराला डेस्क तोच लावतो. अप्रतिम फोटोतल्या माणसाचं नाव नसेल तर तो पडून राहतो.

दुसरी म्हणजे फोटोत काय करायचं नाही. छायाचित्रकार नार्सिसो कॉन्त्रेरास असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या पुलित्झर मिळालेल्या चमूतले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यांनी पुसला. बातमीला त्यानं काडीचाही फरक पडत नव्हता. तरी जानेवारी २०१४मध्ये एपीनं त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सगळे फोटो संग्रहातून काढले.

आणि एक प्रमाणपत्र मी खरंच मागायचो, ते प्रथमोपचाराचं. युद्धछायाचित्रकार टिम हेदरिंग्टन २०११मध्ये लिबियातल्या मिसराता इथे मांडीच्या जखमेतून रक्त वाहून गेल्यानं दगावले. त्यांचे सहकारी सेबास्टियन युंगर यांनी नंतर ‘रिस्क’ ही संस्था काढली, मुक्त पत्रकारांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्यासाठी. कार्डीफला फोटोपत्रकारिता शिकलेला माणूस होता हेदरिंग्टन. आसपासच्या कोणाला धमनी दाबून धरता आली असती तर, असा विचार आजही मनात येतो.

मघाशी चिठ्ठी आली आहे: ‘माझं पदवीचं एक वर्ष उरलं आहे, सोडू का?’ नका सोडू. विषय कोणताही असो, तो बातम्यांना उपयोगी पडतोच. अर्थशास्त्र शिकलेला छायाचित्रकार मला फोटोग्राफी शिकलेल्यापेक्षा कधीही चालेल. वर्षभरात गल्लीतली निवडणूक असो की रुग्णालयाबाहेरची रांग, काढत राहा आणि त्याच दिवशी फोटोओळीसह कोणाला तरी पाठवा. पाठवताना बारा-पंधराच फोटो, फोन नंबर, आणि फाइलच्या नावात तुमचं नाव असू द्या. ‘फायनल नवीन २’ नावाच्या फाइली प्रत्येक डेस्कवर आधीच भरपूर पडल्या आहेत.